ओहोटीचे सर

"अकरावा प्रश्न चुकलाय," सर म्हणाले.

ती फॉर्मवर वाकली होती. पेनाचं टोक अकराव्या चौकटीवर टेकलेलं. उत्तर ऐकायचं, आकडा लिहायचा आणि बाराव्याकडे वळायचं, एवढंच हाताला ठाऊक होतं. वृद्धनिवासातल्या चौऱ्याहत्तर माणसांना दर तीन महिन्यांनी हेच अठरा प्रश्न विचारायचे. एकोणीस वर्षं ती ते विचारत आली होती. आपलं उत्तर चुकलं का, असं पुष्कळांनी घाबरत घाबरत विचारलं होतं. प्रश्न चुकलाय असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"कोणता?" तिने उगाचच विचारलं.

"दिवसातून किती वेळ तुम्हाला एकटं बसावंसं वाटतं." सरांनी तिच्या हातातल्या कागदाकडे न बघता प्रश्न म्हणून दाखवला. "हा माझा प्रश्न आहे. शब्द न शब्द. मार्क तेवढे उलटे केलेत तुम्ही. जास्त वेळ म्हटलं की मी पाच द्यायचो, तुम्ही शून्य देता. ते असो. पण मुळात प्रश्नच चुकलाय. मी लिहिला तेव्हाही चुकलेला होता."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सत्तावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या निवासात, स्वतःच्या टेबलाशी बसून आपल्याला वर्गात उभं केल्यासारखं वाटावं याचं तिला हसूही आलं. पाच महिन्यांपूर्वी पुतणीच्या हाताला धरून सर पायऱ्या चढून आले, तेव्हा दाराशी तीच उभी होती. "नमस्कार मॅडम," ते म्हणाले होते आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे, खुर्च्यांची रांग मोजल्यासारखं बघत आत गेले होते. त्यांच्या फाइलीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, स्मरण अधूनमधून विस्कळीत. ते वाचून तिला सुटल्यासारखं झालं होतं, आणि त्या सुटकेच्या आतच कुठेतरी बारीक दुखलंही होतं. म्हणजे मी राहिले नाही तर त्यांच्या आठवणीत, असं मनात म्हणून तिने त्यांना खालच्या मजल्यावरची सहा नंबरची खोली दिली होती, आणि पाच महिने रोज सकाळी दोन अनोळखी माणसं भेटावीत तशी ती दोघं एकमेकांना भेटत होती. आता हा माणूस पन्नास-बावन्न वर्षांपूर्वी लिहिलेला प्रश्न तोंडपाठ म्हणतो, मार्क कोणी उलटे केले तेही याला कळतं, आणि आपण मात्र पेन धरून बसलो आहोत. "पुढचा विचारू?" ती म्हणाली. "विचारा की," सर म्हणाले. उरलेली सात उत्तरं त्यांनी भराभर दिली, उठले, खुर्ची नीट आत सरकवली आणि काठी टेकत गेले. तिने बेरीज केली. नऊ. पुन्हा केली. नऊच.

बाराच्या खाली गेलं की माणूस वर जायचा. वर म्हणजे वरच्या मजल्यावर. पण निवासात सगळे नुसतं "वर" म्हणत आणि त्यातला दुसरा अर्थ कोणाच्या लक्षात येत नाही असं दाखवत. खाली हॉल होता, पिवळ्या भिंती होत्या, सकाळी दहाला व्यायाम, अकराला चेंडू, दुपारी गाणी, चारला कागदकाम. वर खाटा होत्या, एक टीव्ही होता आणि दोन मदतनीस होत्या. जो खाली भाग घेत नाही त्याची जागा घेऊ शकणारा दुसरा कोणी यादीत वाट बघत असतो, असं पहिल्यांदा ठरलं तेव्हा तिनेच ठरावावर सही केली होती. तात्पुरतं म्हणून. त्या वेळी वर चार माणसं होती. आता सोळा होती, आणि तात्पुरतं हा शब्द कुठल्या वर्षी गळून पडला ते तिला सांगता आलं नसतं. वर गेलेला माणूस खाली आला असं एकदाच झालं होतं, तेही लिफ्ट बिघडून चुकीच्या मजल्यावर थांबली म्हणून.

आपण हे सगळं कुणाविरुद्ध उभारलं, हे तिला पक्कं माहीत होतं. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात, ऊन फळ्यावर यायचं म्हणून सर एका बाजूला उभे राहून शिकवत. शर्टाच्या खिशात खडू, त्यामुळे खिसा कायम पांढरा. म्हातारपण म्हणजे काही बिघाड नव्हे, ते म्हणायचे, म्हातारपण म्हणजे ओहोटी. पाणी किनारा सोडतं ते किनाऱ्यावर रागावून सोडत नाही. माणूस थोडं थोडं अंग काढून घेतो, आणि समाजही त्याला थोडं थोडं सोडतो, आणि हे दोघांच्याही सोयीचं असतं. आपण किनाऱ्यावर उभं राहून हाका मारत बसू नये. हा विचार काही एकट्या सरांचा नव्हता, त्या काळी तो हवेतच होता. पण सर तो असा सांगत की ऐकणाऱ्या पोरींना आपणही म्हातारं व्हावंसं वाटे. मुलं त्यांना ओहोटीचे सर म्हणत. त्यांच्या म्हणण्यावरून फॉर्म तयार झाले, फॉर्मांवरून संस्था चालल्या, संस्थांमध्ये निवांत विभाग निघाले. फिकट निळ्या भिंती, खिडकीकडे तोंड केलेल्या एकेकट्या खुर्च्या, हळू बोला अशा पाट्या. शेवटच्या वर्षी तिला अठ्ठावन्न मार्क पडले. साठ असते तर पहिला वर्ग होता. ती धीर करून त्यांच्या खोलीत गेली. "तुझी दोन मार्कांची गरज खरी आहे," सर उत्तरपत्रिका पुन्हा पहिल्यापासून वाचून म्हणाले, "पण या कागदात ती कुठे दिसत नाही." ती रडत घरी गेली. आणि दुसऱ्या दिवशी याच माणसाने तिच्यासाठी हाताने चिठ्ठी लिहिली, एका संस्थेच्या कचेरीपर्यंत तिच्याबरोबर भर उन्हात चालत आला, आणि ही माझी विद्यार्थिनी आहे, हिला दुसरा वर्ग आहे पण ही ऐकून घेते, असं सांगून तिला नोकरी लावून गेला.

ही ऐकून घेते. पुढे वर्षानुवर्षं हे वाक्य तिला टोचत राहिलं, ते बाबांमुळे. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. चाळीस वर्षं यंत्रांच्या धडधडीत उभे राहिलेले, घरी आले की पानावरची अक्षरं मनात उलटी वाचत असल्यासारखे गप्प. आई गेल्यावर ते आणखी गप्प झाले, आणि ती अठ्ठावीस वर्षांची असताना एका निवांत विभागात राहायला गेले. तिथे सरांचाच फॉर्म होता. अकराव्या प्रश्नाला बाबांना पाचापैकी पाच मिळाले. एकूण बेरीज इतकी चांगली की तिथल्या बाईंनी तिचं अभिनंदन केलं. तुमच्या वडिलांनी वय छान स्वीकारलंय. तिला अभिमान वाटला होता, खरोखर वाटला होता. ती रविवारी जायची, त्यांच्याशेजारी बसायची, काही बोलली तर ते नुसते हसायचे, मग तिनेही बोलणं कमी केलं. किनाऱ्यावरून हाका मारायच्या नाहीत. रविवारचा पंधरवडा झाला, पंधरवड्याचा महिना. तीन वर्षांनी बाबांना ताप आला. नेहमीचे डॉक्टर नव्हते म्हणून एक बदली डॉक्टर आला. त्याने जीभ बघितली, डोळे बघितले, आणि कोणी न सांगता कान बघितले. मग गरम पाणी मागवलं. दोन्ही कानांतून गहू भिजवून ठेवावा तसा काळपट, फुगलेला मळ निघाला. बाबांनी मान हलवून बघितली, नळाकडे बघितलं, तो गळत होता. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तू एवढे दिवस इतकं हळू का बोलत होतीस?"

त्यानंतर ते एकवीस दिवस जगले. एकवीस दिवस ते बोलत होते. छापखान्याच्या मालकाची नक्कल, आईचं एक भांडण, तिच्या जन्माच्या दिवशी चुकीचा छापला गेलेला एक मथळा. तीन वर्षांचं साठलेलं सगळं. ती रोज जात होती आणि तिच्या मनात दुसरं काहीच येत नव्हतं, फक्त हिशेब: किती रविवार, किती रविवार.

म्हणून मग वृद्धांच्या प्रश्नांवरच्या एका परिषदेत, दीडशे माणसांसमोर, ती उठून उभी राहिली. तिच्याकडे तक्ते होते. जी माणसं कामात गुंतलेली राहतात ती जास्त जगतात, कमी आजारी पडतात, असे तक्ते. ती अंग काढून घेत नाहीत, आपण त्यांना काढून ठेवतो, असं ती म्हणाली, आणि आवाज चिरकला. व्यासपीठावरून सर तिच्याकडे शांतपणे बघत होते. "तुझा राग मला दिसतो," ते म्हणाले, "आधार अजून दिसत नाही." बाबांबद्दल ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो आधार झाला नसता, नुसती मुलगी झाली असती. ती खाली बसली आणि त्या दिवसापासून सरांशी बोलली नाही. पण वारं तिच्या बाजूने फिरत होतं. सहा-सात वर्षांत निळ्या भिंती पिवळ्या झाल्या, खुर्च्या वर्तुळात आल्या, हळू बोलाच्या पाट्या निघाल्या. नवा फॉर्म करायचं काम तिच्याकडे आलं. सरांचा जुना फॉर्म समोर ठेवून, प्रश्न तेच ठेवून, तिने मार्क उलटे केले. तेव्हा तिला वाटलं होतं, हे किती सोपं होतं.

आणि आता सरांना नऊ.

तीन-चार दिवस ती त्यांच्यावर नजर ठेवून राहिली. व्यायामाच्या वेळी सर रांगेत शेवटच्या खुर्चीवर बसत आणि हात वर करा म्हटलं की शिकवणाऱ्या मुलीकडे कुतूहलाने बघत. चेंडू त्यांच्याकडे आला की तो पायाशी पडू देत. मग वाकून उचलत, पुसत आणि शेजारच्याच्या हातात देत. एकदा तिने स्वतः चेंडू घेतला. "सर, माझ्याकडे टाका," ती म्हणाली. "कशाला?" सर म्हणाले. तुसडेपणा नव्हता त्यात. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. सगळं वर्तुळ तिच्याकडे बघत राहिलं. चेंडू हातात घेऊन ती तशीच कचेरीत आली.

"सरांचं काय चाललंय?" तिने स्वयंपाकघरात जाऊन विचारलं. स्वयंपाकाच्या बाई निवासातल्या सगळ्यात जुन्या. कोण किती जेवतं यावरून त्या डॉक्टरांच्या आधी आजार ओळखत.

"काय चालायचंय? छान जेवतात. परवा मला म्हणाले, वरच्यांची ताटं परत येतात तेव्हा त्यात काय उरलेलं असतं ते मला सांगत जा."

"वरच्यांची? ती कशाला?"

"मी विचारलं नाही. सांगते झालं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आणि मदतनीस पोरींना विचारत होते, वर कोण कोण आहे, आधी काय करत होते, मुलं येतात का." बाईंनी गॅस बारीक केला. "मला तर वाटतं त्यांना वर जायचंय."

"वर जायची कोणाला हौस असते?"

"ते तुम्ही विचारा. तुमचं कामच आहे विचारायचं."

तिने विचारलं नाही. त्याऐवजी टेबलाशी बसून फॉर्म पुढे ओढला आणि तीन ठिकाणी शून्याचा एक केला. गाण्यात सहभाग: अधूनमधून. इतरांशी संवाद: अधूनमधून. नव्या गोष्टीत रस: अधूनमधून. बेरीज बारा. इतक्या वर्षांत तिने असं कधीच केलं नव्हतं. पापभीरू बायकांना चोरी केल्यावर वाटत असेल तशी धडधड तिला अपेक्षित होती; प्रत्यक्षात तिला हलकं वाटलं. या माणसाला मी वर जाऊ देणार नाही. तिथे तो दोन महिन्यांत संपेल. टीव्हीसमोर, सोळांत सतरावा. त्याचा सिद्धांत गेला चुलीत, त्याच्या उन्हातल्या चालण्याचे तरी तीन मार्क होतात.

वर जाणाऱ्यांची यादी लागली त्याच दुपारी सर कचेरीत आले. दार त्यांनी काठीने लोटलं आणि आत येऊन मागे बंद केलं.

"यादीत माझं नाव नाही."

"तुम्ही खालीच राहणार आहात. बारा झाले तुमचे."

"मला बेरीज येते. नऊ होतात."

"काही उत्तरांचा मी पुन्हा विचार केला."

"तू बस आधी," सर म्हणाले. ती उभी राहिली होती हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. आणि मग, बसता बसता, तू हा शब्द तिच्यापर्यंत पोचला.

"तुम्ही मला ओळखलंत?"

"दारातच ओळखलं. मला वाटलं तुला नको असेल. परिषदेनंतर तू रस्त्यात दिसलीस की पलीकडच्या बाजूला जायचीस. म्हटलं, आता एका छपराखाली राहायचंय, हिला पलीकडची बाजू उरली नाही, निदान आपण तरी अनोळखी राहावं." ते खुर्चीत सावकाश बसले. "मार्क का वाढवलेस?"

"तुम्ही मला दोन दिले नव्हते. मी तुम्हाला तीन दिले." हे विनोदाने म्हणायचं होतं, पण ते तक्रारीसारखं बाहेर पडलं.

सर हसले. मग हसू उतरलं. "मला वर जायचंय," ते म्हणाले. "त्यासाठी पाच महिने मी मन लावून काही केलं नाही. सोपं नव्हतं. ती गाणी शिकवणारी बाई चुकीच्या तालात टाळ्या वाजवते."

"पण का? वर काय आहे?"

"वर माझी माणसं आहेत. ज्यांच्याबद्दल मी लिहिलं ती. मी लिहिलं तेव्हा ऐंशी जणांना भेटलो होतो. म्हणजे माझा मदतनीस भेटला होता, माझ्याकडे फॉर्म आले. एकाही माणसाशेजारी मी दिवसभर बसलो नाही." त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "माझी आई माझ्याजवळ राहायची. दोन खोल्या होत्या आमच्या. शेवटची चार वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. मी कॉलेजातून आलो की ती भिंतीकडे वळायची. मी बाहेरच्या खोलीत बसून प्रबंध लिहायचो. पहिलं प्रकरण पुरं झालं त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की मी बाहेर फिरून आलो. आई माझ्यावर रागावलेली नाही, तिचं वय झालंय, असं मला माझ्याच अक्षरात लिहून मिळालं होतं."

"रागावल्या होत्या?"

"माहीत नाही. विचारायचं राहिलं. विचारावं लागू नये म्हणूनच तर दोनशे पानं लिहिली." ते थांबले. "एकटं बसावंसं वाटतं आणि एकटं बसावं लागतं, यातला फरक तो प्रश्न विचारत नाही. म्हणून तो चुकलेला आहे. तू मार्क उलटे केलेस, तरी तो फरक तूही विचारला नाहीस."

ती खिडकीकडे बघत होती. बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुन्हा, जागा पुरत नव्हती. मग तिने सांगितलं. छापखाना, पाचापैकी पाच, अभिनंदन, बदली डॉक्टर, गळणारा नळ, तू इतकं हळू का बोलत होतीस, एकवीस दिवस. नवऱ्यालाही तिने हे इतकं सलग सांगितलं नव्हतं; त्याला तुकडे माहीत होते. सांगताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण ती एखाद्याची फाइल वाचून दाखवावी तशी बोलत राहिली. सरांनी मान खाली घातली होती. ते माफी मागतील, आणि मागितली तर आपण काय म्हणायचं, असं तिच्या मनात आलं, आणि इतक्या वर्षांनंतर आपल्याला ती नकोच आहे हेही कळलं. तिला ते समोर बसलेले हवे होते, इतकंच.

"वर किती जण आहेत?" सरांनी विचारलं.

"सोळा."

"त्यांचे कान तपासलेत?"

खोली तशीच राहिली. टेबल, कागद, पाण्याचा ग्लास, सगळं आपापल्या जागी. तिने उठून कपाट उघडलं आणि सोळा फाइली काढल्या. चौथा प्रश्न: ऐकू येतं का? हो. हो. हो. सोळाही ठिकाणी हो. वरचे फॉर्म बहुतेक मदतनीस मुलीच भरत; त्या कानाशी वाकून मोठ्यांदा विचारत, समोरचा मान हलवे. चार फाइलींत तर तिचंच अक्षर होतं. बाबांसाठी तिने भिंती रंगवल्या होत्या, चेंडू आणले होते, गाणी लावली होती, परिषदेत उभी राहिली होती. पिचकारीभर गरम पाणी मात्र तिने कोणासाठीही मागवलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली. सोळाही फाइली तिने त्यांच्यापुढे ठेवल्या.

"असू दे," सर म्हणाले. त्यांनी टेबलावरून फॉर्म ओढून घेतला, तीन एकांवर पेनाने काट मारली आणि तिच्याकडे सरकवला. "नऊ. सही कर. आणि कानाचा डॉक्टर बोलाव. मी वर जाऊन बसतो तोवर."

कानाच्या डॉक्टरीण बाई दोन दुपारी आल्या. सगळं चमत्कारासारखं घडलं असं नंतर खालच्या मजल्यावर सांगितलं जाई, पण तसं ते नव्हतं. सोळांपैकी सहांच्या कानांत मळ होता. चौघांना यंत्र लागणार होतं. इतरांना ऐकू येत होतं, फक्त ऐकलेल्याचा अर्थ लागत नव्हता, आणि त्यावर डॉक्टरीण बाईंच्या पेटीत काही नव्हतं. एका आजींना ऐकू येऊ लागलं तेव्हा पहिल्यांदा शेजारच्या खाटेवरचं कण्हणं ऐकू आलं. त्या संध्याकाळपर्यंत रडत होत्या. शिंपीकाका मात्र दोन वर्षांत बोलले नव्हते ते छताकडे बघत म्हणाले, "हा पंखा कधीपासून असा वाजतोय?" आणि पंखा बंद केल्यावर, "पडदा कोणी शिवलाय? शिवण वाकडी आहे." आठवड्याच्या आत ते आपली काठी घेऊन खाली आले, चेंडूच्या वर्तुळातून सरळ पलीकडे गेले आणि हॉलचे पडदे उतरवून मागितले. गाण्याच्या बाईंनी विचारलं, यांना किती मार्क द्यायचे? तिने सांगितलं, सध्या कोणाला काही देऊ नका.

निवासाच्या समितीला तिने पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात खूप कारणं होती. दुसऱ्यात तिने एवढंच ठेवलं की, वरचा मजला मी सुरू केला, तो चुकीच्या समजुतीवर सुरू केला, आणि मला तो माणसागणिक पुन्हा बघायचा आहे. समितीने सहा महिने दिले. तिच्या निवृत्तीला अकराच महिने राहिले होते. सहा पुरतील का, असं ती रस्त्याने चालताना बोटांवर मोजत होती, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला घाई झालेली नाही. कितीतरी वर्षांनी एखाद्या कामाचं पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ते बरं वाटतंय.

सर वर राहायला गेले होते. खाट मिळाली, पण ते खाटेवर क्वचितच असत. सकाळी एकाशेजारी खुर्ची ओढत, दुपारी दुसऱ्याशेजारी. बोलत थोडंच. शिंपीकाकांशी त्यांनी कापडावर गप्पा मारल्या, कण्हणाऱ्या आजोबांचा हात धरून बसले. कधीकधी ते स्वतःच विसरत की आपण कुठे आहोत, आणि मग मदतनीस मुलीला विचारत, पुढचा तास कोणाचा? ती म्हणे, तुमचाच आहे सर. मग ते उठून पुढच्या खाटेकडे जात. फाइलीतला तो विस्कळीत हा शब्द खोटा नव्हता. एक दिवस ते आपल्यालाही विचारतील, तुम्ही कोण, हे ती जाणून होती. म्हणून कामं आटोपली की ती रोज तासभर वर जायची.

त्या दुपारी ती दारात उभी होती. सर खिडकीजवळच्या पोस्टातल्या बाईंकडे खुर्ची ओढून बसले होते. या बाई वर येऊन तीन वर्षं झाली होती, कोणाशी बोलत नव्हत्या, आणि डॉक्टरीण बाईंना त्यांच्या कानांत काहीच सापडलं नव्हतं. सरांनी त्यांना हळूच विचारलं, मग थोडं मोठ्याने विचारलं, तुम्हाला इथे एकटं बसावं लागतं का?

"मला ऐकू येतं," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, रोज वापरातला असावा तसा. "पहिल्यापासून येतं. एकतीस वर्षं मी खिडकीवर बसून लोकांचं ऐकलं. पत्र का आलं नाही, मनीऑर्डर कुठे अडकली. घरी गेले की सासरे, नवरा, मुलं. आता मला कोणाचं काही ऐकायचं नाही. तुमचंही नाही. इथे छान आहे. उठा."

सर उठले. खुर्ची उचलून, आवाज होऊ न देता त्यांनी जागेवर ठेवली आणि दाराकडे आले. वर्गात कोणी त्यांचं म्हणणं खोडून काढलं की त्यांचा चेहरा असाच उजळायचा. किती वर्षांनी ती तो बघत होती.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "एक निघाली माझ्या बाजूची."

"सोळांत एक," ती म्हणाली.

"असेना एक. पण विचारून निघाली."

"बाहेर जाऊन बोला," खिडकीकडून आवाज आला.

तिने सरांचा हात धरला, आणि दोघं बाहेर जाऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बोलत बसली.